संजय कुठी गेला?

"अंजू, संजय कुठी गेला वं?"

अर्धी टेकडी चढून झाल्यावर अमरसिंगने काठी खडकाला टेकवली आणि सुनेला विचारलं. बकऱ्या पुढे टेंभुर्णीच्या झुडपांत शिरल्या होत्या.

"ढाणकीले गेले, बा. बाजार हाये आज."

"कायले?"

"पेंड आणाले."

"पायी गेला का गाडीनं?"

"नायकाच्या गाडीवर, मांगं बसून."

म्हाताऱ्याने मान हलवली आणि तो पुन्हा चढू लागला. फडक्यात बांधलेली भाकर त्याच्या खांद्यावर लोंबत होती. ती रोज मुलासाठी असायची.

संजयला जाऊन दुसरा हिवाळा लागला होता. दिवाळीनंतरच्या अवकाळी पावसात, याच टेकडीच्या माथ्यावर बकऱ्या गोळा करताना त्याच्या अंगावर वीज पडली. अमरसिंगनेच त्याला खांद्यावर घालून तांड्यात आणलं. स्वतःच्या हाताने सगळं क्रियाकर्म केलं. आणि पाहुणे परतले त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या सकाळी दारात उभं राहून त्याने सहज विचारलं, "अंजू, संजय कुठी गेला वं?"

त्याच्या बायकोने, नंदाबाईने, तोंडात पदर कोंबला.

अंजू चुलीपुढे बसली होती. संजय गेल्यापासून ती तशीच बसून असायची. माहेरचे लोक गळ्यात पडून रडून गेले, हिच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. ताटातली भाकर तशीच वाळून जायची. पण सासऱ्याचा तो चेहरा पाहिला आणि तिला राहवलं नाही. "रानात गेले, बा," ती म्हणाली.

तेव्हापासून हे रोजचंच झालं. पोराच्या दुःखानं अमरसिंगचं डोकं गेलं, असं तांडा म्हणायचा. तांड्याच्या नायकाने बजावलं, "खरं सांगू नका कोणी त्याले. जीव सोडून देईन बुढा." बाकी सगळं त्याला ठाऊक असायचं. कोणती बकरी कधी व्यायली, उन्हाळ्यात कोणत्या ओढ्यात झिरा फुटतो. विसरायचा तो एवढी एकच गोष्ट, आणि विचारायचाही फक्त अंजूला. नवऱ्याची खबर बायकोला असणारच, म्हणून विचारत असतील, असं तिला वाटायचं.

त्याला एकटं टेकडीवर कसं सोडायचं? म्हणून तीही बकऱ्यांमागे जाऊ लागली. माथ्यावर पोचलं की तो भाकर सोडायचा, कपाळावर हात धरून पायवाटेकडे पाहत बसायचा.

"नाही आला पोट्टा. वाया जाईन हे. तूच खाऊन घे."

नको म्हटलं की त्याचा चेहरा लहान लेकरासारखा व्हायचा. मग ती खायची.

पुढे पुढे एका शब्दावर त्याचं भागेना. कोणासंगं गेला, कोणता सदरा घातला, जाताना काय बोलला. अंजूला रोज काहीतरी रचावं लागायचं. रचता रचता खरं आठवायचं, ते ती त्यातच मिसळून द्यायची. एकदा तिने सांगितलं, लग्नाआधी तिला पाहायला आला तेव्हा संजय अंगणातल्या चिखलात घसरून पडला, आणि चहा होईपर्यंत बुडाचा चिखल दिसू नये म्हणून भिंतीला पाठ लावून उभाच राहिला. सांगताना तिला हसू फुटलं. म्हातारा तर इतका हसला, की उपरण्याने बराच वेळ तोंड पुसत राहिला.

त्या संध्याकाळी गोठ्यामागे बसून अंजू पोटभर रडली. नंदाबाईने पाहिलं, पण ती जवळ आली नाही.

होळीनंतर बोरी अरबकडच्या तांड्यातून रामलालचं स्थळ आलं. बायको बाळंतपणात वारलेली, घरी एक पोरगी. बोलणी करायला आला तेव्हा ती पोर अंजूला चिकटून बसली ती उठेचना. पण अंजूने सासूला स्पष्ट सांगितलं, "याडी, मी नाही जात. बाले कोण पाहीन?"

"मी हाये ना."

"तुमी काय सांगसान? तुमाले त त्यायनं कधी इचारलंच नाही."

नंदाबाई परातीतलं पीठ उगाच मळत राहिली. मग म्हणाली, "जा वं माय तू. तुले जलम काढाचा हाये अजून."

अंजूला ते लागलं. आपण या घराला जड झालो, असंच तिला वाटलं. चार दिवस अबोला धरून शेवटी ती हो म्हणाली.

जायच्या दिवशी तिने शेजारच्या पुष्पाला बाजूला घेतलं. "बाजाराच्या दिवशी ढाणकी सांगजो. बाकी दिवशी रान. आन् ते भाकर खाय म्हणतीन, त खाऊन घेजो. नाही म्हणू नको."

जीप तांड्याच्या तोंडाशी उभी होती. रामलालची पोरगी खिडकीतून हात हलवत होती. ओसरीवर अमरसिंग काठीवर हनुवटी टेकून बसला होता. अंजू त्याच्या पायाशी वाकली आणि थांबली. आज सकाळपासून त्याने विचारलं नव्हतं. तिच्याजवळ उत्तर तयार होतं, जाण्याआधी एकदा द्यायचं होतं. शेवटी तीच बोलली.

"बा, ते रानात गेले हायेत. येतीन संध्याकाळी."

अमरसिंगने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"संजय मेला, बेटी. मीच आणला ना त्याले खांद्यावर. तू तोंड उघडत नोहती, म्हणून इचारत गेलो."