वाळूवर जगणारा मासा

"तर्क राहू दे. हा खातो काय, तेवढे सांग," असे म्हणून बाळाचार्य काचेच्या टाकीपुढे पाटावर बसले.

मुकुलने उत्तरादाखल नुसते बोट दाखवले. टाकीच्या तळाशी, पांढुरक्या अंगावर शेंदरी ठिपके असलेल्या बोटभर माशाने तोंडभर वाळू उचलली होती. त्याचे गाल फुगले, जबडा हलला, आणि ती वाळू दोन्ही कल्ल्यांतून पिठासारखी झरू लागली.

"पाहिलेत? वाळू! नुसती वाळू, आचार्य!"

"अय्यो, ही तर चाळणच की रे!" अंबूताई हरखून म्हणाली.

अंबूताई मुकुलची थोरली बहीण. तो तिला अक्का म्हणे. धारवाडच्या सप्तापुरातल्या त्या घरात ही दोघेच राहत. घरात काय यावे आणि काय येऊ नये, हे अक्का ठरवी. अक्काला शंका आली, तर शेजारचे बाळाचार्य ठरवीत.

आचार्यांनी पुष्कळ वेळ निरीक्षण केले आणि निर्णय दिला. "मत्स्यरूप भगवंताचे, राहू दे. मात्र याच्या पोटासाठी दुसऱ्या जीवाचे मांस या उंबऱ्याच्या आत येता कामा नये. आले, तर त्याच दिवशी टाकी बाहेर."

"टाकी रस्त्यावर ठेवीन," अक्का म्हणाली, "आणि शेजारी याला बसवीन."

मुकुल मोठ्याने हसला.

तो कॉलेजात रसायनशास्त्र शिकवी. धारवाडात समुद्राचा मासा जगवून दाखवीन, अशी त्याने स्टाफरूममध्ये पैज मारली होती. त्यासाठी कारवारहून कॅन भरभरून खारे पाणी आणले, तिथलीच वाळू पोत्यात घालून बसच्या टपावर चढवली, मासा मुंबईहून मागवला. हा मासा वाळू गिळत नाही, तिच्यातले बारीक जीव टिपून तिला सोडून देतो, हे त्याला पक्के ठाऊक होते. म्हणूनच मॅग्नेशियम सल्फेटच्या रिकाम्या बाटलीत त्याने वाळवलेला जवळा, ती बारीक सुकी कोळंबी, भरून ठेवला होता. अक्का मठात गेली, की दोन चिमटी टाकीत पडत. एवढे करूनही माशाचे पोट खपाटीला गेलेले असे.

दिवाळीनंतर सोलापूरला मामांच्या मुलीचे लग्न निघाले. दोघांनाही जाणे भाग होते. देवांची पूजा चुकू नये, म्हणून घराची किल्ली बाळाचार्यांकडे सोपवली.

"टाकीतले पाणी या खुणेखाली उतरले, तर साधे पाणी ओता," मुकुलने बजावले.

"आणि खायला?"

अक्का शेजारीच उभी होती. "वाळू आहे की," मुकुल म्हणाला.

लग्न आटोपले आणि मामांनी अंथरूण धरले. मुक्काम पंधरवड्यावर लांबला. मुकुलच्या डोळ्यांपुढून ते खपाटीला गेलेले पोट हलेना. शेवटी त्याने बूथवरून फोन लावला.

"आचार्य, सगळे ठीक?"

"देव उत्तम आहेत."

"मासा, आचार्य, मासा!"

"तोही देवांच्याच घरात आहे," असे म्हणून आचार्यांनी फोन ठेवला. याचा अर्थ काय घ्यावा, हे मुकुलला परतीच्या बसमध्येही उमगेना.

घरी पोचताच तो चपलांसकट आत धावला. टाकीत डोकावला आणि ओरडलाच, "अक्का! अगं, जाडा झालाय हा!"

खरोखरच माशाचे पोट गोल झाले होते, ठिपके निखाऱ्यासारखे पेटले होते, आणि तो वाळूचे ढीगच्या ढीग उपसून टाकीभर टेकड्या रचत होता. मुकुलला बसवेना. कुणी काही घातले नाही आणि मासा वाढला! म्हणजे कारवारच्या त्या वाळूतच सूक्ष्म जीव पोसले गेले. म्हणजे एवढ्याशा टाकीत खराखुरा समुद्र नांदू लागला! केवळ पैजच नव्हे, त्याने सांगितलेले खोटेसुद्धा खरे झाले होते. त्याने बाटलीतला उरलासुरला जवळा गुपचूप परसातल्या खड्ड्यात पुरला आणि मोठा श्वास घेतला. आता लपवाछपवी नाही.

संध्याकाळी आचार्य किल्ली परत द्यायला आले. अक्काने आनंदाने शिरा केला होता.

"आता बोला!" मुकुल म्हणाला. "वाळूवर जगतो की नाही?"

"दिसतो तर खरा."

"दिसतो काय? सिद्ध झाले! उद्या सगळ्या स्टाफला बोलावतो. यावर लेख लिहितो."

"म्हणजे यापुढे याला काहीच घालायचे नाही?"

"कणभरही नाही!"

"एवढी खात्री?"

"तुमच्या पंधरवड्याने प्रमाण दिले, आचार्य. याहून मोठे प्रमाण कोणते?"

आचार्यांनी मान डोलावली, शिरा संपवला आणि ते उठले. फाटकापर्यंत गेले, थबकले, पुन्हा माघारी आले. अक्का स्वयंपाकघरात भांडी आवरत होती. तिकडे एकदा नजर टाकून त्यांनी उपरणे सावरले, मुकुलला जवळ बोलावले आणि आवाज अगदी खाली आणला.

"त्याला उपाशी मारू नकोस, बाबा, आणि जवळा कोरडा टाकायचा नाही, वरच तरंगत राहतो. वाटीत भिजवून वाळूवर सोडला, की माझ्या हातून लगेच घेतो."