अठ्ठ्याहत्तर किलो

"गाडी चालवणार कोण?" अलाइनमेंटवाल्या मिस्त्रीनं विचारलं.

"मुलगा," काका म्हणाले.

"मग बसवा त्याला आत."

"तो इथे नसतो."

मिस्त्रीनं हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. रिकाम्या गाडीचं अलाइनमेंट करायचं नाही, चाकांचे कोन जुळवायचे नाहीत, हा त्याचा नेम होता, आणि त्यापायी गिऱ्हाईक उठून गेलं तरी त्याला फिकीर नव्हती. चालवणारा सीटवर बसला की गाडी त्या अंगाला जरा दबते, चाकं किंचित कलतात. मोजायची तर तशीच मोजायला हवीत. माणूस हजर नसेल तर त्याच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या. दहा-दहा किलोच्या पिशव्या भिंतीशी रचलेल्याच असायच्या.

काकांनी हयातभर बस चालवली होती. रस्ता बघायचा तो वरून, एवढंच त्यांना ठाऊक. मुलानं स्प्रिंगा बदलून घरची गाडी रस्त्यालगत खाली घ्यायची म्हटली तेव्हा "पोटावर सरपटवायचीय का तिला?" असं विचारून त्यांनी किल्ली खिशात टाकली होती. शब्दानं शब्द वाढला. महिन्याभरात मुलगा लांबची नोकरी धरून निघून गेला, त्याला आता पाच वर्षं झाली. दर रविवारी त्याचा फोन आईला येई आणि काका शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसत. पान काही उलटत नसे.

गेल्या महिन्यात डॅशबोर्डच्या कप्प्यात त्यांना मुलाच्या अक्षरातली चिठ्ठी सापडली. काय काय बदलायचं त्याची यादी. ती समोर धरूनच त्यांनी सगळं सामान आणलं: आखूड स्प्रिंगा, त्यांना चालतील असे धक्के शोषणारे आखूड शॉक, चाकांचा कल जुळवायचे बोल्ट. "पंचवीस मिलिमीटरच खाली घेऊ, म्हणजे गतिरोधकावर घासणार नाही," असं मिस्त्रीनं परोपरीनं सांगून पाहिलं होतं.

"चिठ्ठीत पस्तीस आहे," काका म्हणाले होते. "पस्तीसच घ्या."

आता सगळं बसवून झालं होतं. उरलं होतं फक्त अलाइनमेंट.

"बरं, वजन सांगा त्याचं," मिस्त्री म्हणाला.

"अठ्ठावन्न."

मिस्त्रीनं सहा पिशव्या उचलून ड्रायव्हरच्या सीटवर रचल्या आणि मग थांबला. "हे कधीचं वजन, काका?"

"गेला तेव्हाचं."

"म्हणजे पाच वर्षांपूर्वीचं. तेव्हाचा मुलगा येणारे का चालवायला? आत्ताचं सांगा."

काकांनी खिशातून फोन काढला. बाहेर जाऊन त्यांनी घरी लावला.

"अगं, त्याला जरा वजन विचार."

"मी का विचारू? गाडी तुम्ही नेलीत ना? तुम्हीच विचारा," बायको म्हणाली आणि तिनं फोन ठेवूनच दिला.

मुलाचा नंबर त्यांच्याकडे होता. पाच वर्षांत कितीदा तरी काढून नुसता पाहिलेला. आज त्यांनी तो लावला, आणि लावल्याबरोबर कापावा असं वाटलं.

"बाबा? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. तुझं वजन किती?"

"काय?"

"वजन, वजन. कपड्यांसकट."

"अठ्ठ्याहत्तर." मुलगा अजून गोंधळलेलाच होता. "का?"

अठ्ठ्याहत्तर. म्हणजे त्यातला वीस किलोंचा मुलगा त्यांनी पाहिलेलाच नव्हता. कुठे भरला असेल तो? खांद्यात? की त्याला आपल्यासारखंच पोट सुटलं? एकदा डोळे भरून बघायला मिळावा, एवढंच त्यांना वाटलं, आणि ते इतकं वाटलं की बोलायचं राहूनच गेलं.

"बाबा?"

"गाडी खाली घेतोय. पस्तीस. तुझी चिठ्ठी सापडली."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"नुसत्या स्प्रिंगा नाही ना टाकल्या?" मुलानं विचारलं. "शॉक बदलले?"

"बदलले. आता अलाइनमेंट चाललंय. तुझ्यावाचून अडलंय," काका म्हणाले, आणि घाईघाईनं पुढे जोडलं, "म्हणजे वजनावाचून."

"मिस्त्रींना सांगा, शेजारच्या सीटवरही वजन धरा."

"कोणाचं?"

"तुमचं किती आहे, बाबा?"

ते काकांना माहीत नव्हतं. "बघतो," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

आत येऊन त्यांनी भिंतीशी ठेवलेल्या पिशव्यांतल्या दोन स्वतः उचलल्या. मिस्त्री पुढे झाला तर त्याला हातानंच मागे सारलं. ड्रायव्हरच्या सीटवर त्या दोन्ही नीट बसवल्या, वरची जरा थोपटली. मग गाडीला वळसा घालून त्यांनी दुसऱ्या बाजूचं दार उघडलं. गाडी आता एवढी खाली होती की त्यांना चांगलंच वाकावं लागलं.

"अहो काका, तुम्ही कुठे आत?"

"शेजारी कोणीतरी बसणारे," काका म्हणाले आणि त्यांनी पट्टा लावला.

मिस्त्रीनं एकदा पिशव्यांकडे पाहिलं, एकदा काकांकडे. मग तो चाकापाशी उकिडवा बसला.

"ठीक आहे. पण आता हलायचं नाही हं."

काका हलले नाहीत. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, समोर बघत, ते त्या आठ पिशव्यांच्या शेजारी बसून राहिले.