मारुतीपासून डावीकडे

"रस्त्याचं नाव सांगितलं की पुरे. फोनवरच्या नकाशाने देवळं कशाला सांगायची?" पुणे ऑफिसचा हा प्रयोग बंद करायलाच परदेशातल्या मुख्यालयातून साहेब आले होते.

प्रयोग चालवणाऱ्या मृण्मयीने वाद घातला नाही. "जेवायला पेठेतल्या खानावळीत भेटू, सर. आपलाच रस्त्यांची नावं सांगणारा नकाशा लावून चालत या."

गल्लीत 'गाडी लावू नये' अशा पाट्या ढीगभर होत्या, रस्त्याच्या नावाची एकही नव्हती. शेवटी साहेबांनी एका आजोबांना विचारलं.

"नाव कुणाला ठाऊक! त्या मारुतीपासून डावीकडे," आजोबांनी काठीने देऊळच दाखवलं.

जेवता जेवताच साहेबांनी प्रयोगाला होकार दिला.

वर्षभराने त्यांचा निरोप आला: "आता आमच्या गावातही फोन 'चर्चपासून डावीकडे' म्हणतो. आई आज पहिल्यांदाच एकटी दवाखान्यात जाऊन आली."