दहा नग

पहिला नग धड निघाला. तो फाटायला हवा होता. अम्बरीनच्या संगणकाने तसं छातीठोकपणे सांगितलं होतं.

महाडच्या एमआयडीसीतल्या या कारखान्यात स्कूटरच्या बॅटरीचं ॲल्युमिनियमचं झाकण बनायचं होतं. जुना हिशेब म्हणे, पत्रा चहूकडून सारखाच ताणला जातो. अम्बरीनला ते कधीच पटलं नाही. तिने पत्र्याच्या उभ्या, आडव्या, तिरक्या पट्ट्या ओढून पाहिल्या. ज्या दिशेने पत्रा लाटला त्या दिशेला तो एक वागतो, आडव्या दिशेला भलतंच. सहा महिने खपून तिने हा त्याचा लहरीपणा गणितात बसवला. उत्तर आलं : ड्रॉईंगप्रमाणे पत्रा ठेवला, तर खोल कोपऱ्यात तो फाटणारच.

“दहा नग काढू,” कारखान्याचे मॅनेजर सुहास सर म्हणाले होते. “एक जरी फाटला तरी ड्रॉईंग बदलतो. नाहीतर तुमचं हे संगणकावरचं सिम्युलेशन आजपासून बंद.”

पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेसवर सोनबा होता. जवळच्या कापडे गावचा माणूस, वीस वर्षं याच मशीनवर. पिवळ्या रेषेच्या अलीकडून अम्बरीनला नुसती त्याची पाठ दिसत होती. तो वाकायचा, चौकोनी पत्रा डायवर, म्हणजे साच्यावर, ठेवायचा, दोन्ही हातांनी बटणं दाबायचा. जमीन हादरायची. चौथा नग धड. सातवा धड. आपण कुठे चुकलो, हे तिला काही केल्या उमगेना.

दहावा नग सुहास सरांनी उजेडात धरून चारी कोपरे निरखले. केसाएवढीही चीर नव्हती.

“सोमवारपासून स्टोअरमध्ये बसा,” एवढंच बोलून ते ऑफिसकडे निघाले.

अम्बरीनला रडू आवरेना. आपण सगळ्यांदेखत रडतोय याचा तिला रागही आला. सोनबा हातमोजे काढत जवळ आला. इकडेतिकडे पाहून त्याने आवाज खाली आणला.

“आता गो कशाला रडतेस? ट्रायलच्या कागदावर तुजं नाव वाचलं मी. नग फाटला असता तर बोल तुलाच लागला असता ना? कागदावर हाय तसा ठेवला तर हा पत्रा कोपऱ्यात टिकायचा नाय, माज्या हाताला ठाव हाय. म्हणून तर दहाच्या दहा पत्रे मी आडवे फिरवून ठेवले.”