मागची सीट

नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला होता आणि गोदावरीबाई आमटीचं पातेलं हातात घेऊन उभ्या होत्या.

"राजस, जागा कर."

"आई, दोन मिनिटं. मयूरी, हे बघ, जबलपूरच्या पुढं रस्ता बराय असं लिहिलंय."

दोन मिनिटांची वीस मिनिटं झाली. गोदावरीबाईंनी पातेलं परत गॅसवर नेऊन ठेवलं. राजस कधीकाळी शाळेतलं काहीही आधी त्यांना येऊन सांगायचा, दप्तर खाली ठेवायच्याही आधी. आता "हे बघ" सुनेसाठी होतं आणि "दोन मिनिटं" त्यांच्यासाठी.

दिवाळी झाली की राजस आणि मयूरी बुलेटवरून काठमांडूला जाणार होते. सांगलीहून दोन हजार किलोमीटर, आणि तेवढंच परत. शहाण्णव साल होतं. त्यांच्या गल्लीतलं कुणी अजून विमानानंही देशाबाहेर गेलं नव्हतं. बुलेट मयूरीच्या वडिलांची. त्यांचं साताऱ्यात गॅरेज होतं आणि कॉलेजात असतानाच मयूरी ती गाडी कोयनानगरच्या घाटात चालवायची. राजस बँकेत कारकून. त्याला किक मारायलाही दोनदा दम घ्यावा लागे. त्यामुळं मयूरी पुढं आणि राजस मागं, हे न बोलता ठरलं होतं.

गोदावरीबाईंना हे सगळं राजसनं सांगितलंच नव्हतं. भाजीवाल्या बनुबाईनं सांगितलं होतं.

"आवं काकू, नेपाळला चाललं म्हनं तुमचं राजसराव?" मेथीची जुडी पुढं करत ती म्हणाली होती. "आन् सूनबाई म्होरं, त्ये मागं! लय ग्वाड दिसंल बगा."

"कुणी सांगितलं तुला?"

"सूनबाईंनीच की. तुमाला ठावं न्हाई व्हय?"

"माहीत आहे गं," गोदावरीबाई म्हणाल्या आणि भाव न करताच मेथी घेतली.

त्या दिवसापासून त्यांना घरात सगळीकडं ती सहलच दिसू लागली. एका खुंटीवर दोन सारखी जाकिटं. खिडकीत दोन हेल्मेटं. त्यांनी गेल्या थंडीत विणलेला स्वेटर मात्र कपाटातच. "वारा आत शिरतो आई, लोकरीतून," राजस सहज म्हणाला. एवढंच. त्या दिवशी गोदावरीबाई जेवल्या नाहीत. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

त्यांच्या नवऱ्याच्या, शरच्चंद्रांच्या, आलं असावं. पण ते बोलत नसत. बत्तीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता, म्हणून रस्ता आखायचं काम पोरांनी त्यांच्याकडं दिलं होतं. रोज दुपारी ते मयूरीला समोर बसवून शिकवायचे. नद्या कुठं लागतील, हद्दीवर गाडीचा कोणता परवाना काढावा लागेल, डोंगरात थंडी किती असेल. मयूरी वहीत उतरवून घ्यायची.

एका दुपारी ती बाहेर गेल्यावर गोदावरीबाई त्यांच्यासमोर येऊन बसल्या.

"तुम्ही पण तिच्याच बाजूचे."

"मी कुणाच्या बाजूचा नाही."

"मग थांबवा त्याला. तुमचं ऐकतो तो."

शरच्चंद्र पेन्सिलीला टोक काढत होते. "आपण नको म्हणालो तर चिडून जाईल. त्याला स्वतःलाच थांबावंसं वाटलं पाहिजे."

"कसं वाटेल?"

"तू आजारी पडलीस तर वाटेल."

गोदावरीबाईंनी दाराकडं बघून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "छातीत दुखतं म्हणू?"

"नको. छातीचं नाव काढलंस की मिरजेला नेतील, नळ्या लावतील. चक्कर येते म्हण. चक्कर बाहेरून दिसत नाही."

"आजच?"

"आज पडलीस तर तारीख पुढं ढकलतील. आदल्या दिवशी, चहाच्या वेळेला."

"आणि ती? हट्टानं एकटी निघाली तर? लोक मलाच नावं ठेवतील."

"एकटी ती जाणार नाही. ते माझ्यावर सोड."

मग त्यांनी बायकोला शिकवलं, वर्गातल्या कच्च्या मुलाला शिकवावं तसं, न रागावता. "उठताना आधी भिंत धर. डोळे मिटू नकोस, एका जागी लाव. हं, घाई केलीस. पुन्हा कर." गोदावरीबाईंनी चारदा केलं. चौथ्यांदा ते म्हणाले, "शाब्बास." संसाराच्या इतक्या वर्षांत नवरा पहिल्यांदाच आपल्या बाजूनं उभा राहिला, असं त्यांना वाटलं. डोळ्यांत पाणीही आलं.

आदल्या दिवशी चहाच्या वेळेला त्यांनी भिंत धरली. कप फुटला. राजस धावत आला, त्यानं त्यांना धरून पलंगावर निजवलं. डॉक्टर येऊन रक्तदाब बघून गेले. "घाबरण्यासारखं काही नाही. पण आठ-पंधरा दिवस कुणीतरी जवळ असू द्या," असं म्हणाले.

"मी आहे," राजस म्हणाला. त्यानं त्यांचा हात सोडलाच नाही. गोदावरीबाईंनी तोंड भिंतीकडं वळवलं, हसू दिसू नये म्हणून.

मयूरी दारात उभी होती.

"मला नाही येता येणार गं," राजस तिला म्हणाला.

ती भांडली नाही, रडली नाही. तिनं सासऱ्यांकडं पाहिलं. शरच्चंद्र चष्मा काढून पुसत होते.

सकाळी राजसनं पेज करून आणली. स्वतः ढवळून, फुंकर घालून तो एकेक चमचा भरवू लागला. असं सुख गोदावरीबाईंना कितीतरी दिवसांत मिळालं नव्हतं. तेवढ्यात खाली बुलेट धडधडली.

"कोण आलंय?"

"आलं नाही कुणी. मयूरी निघाली. मीच जा म्हणालो."

गोदावरीबाई ताडकन उठून बसल्या. भिंत धरायची राहून गेली.

"नेपाळला? अरे, शोभतं का हे! तुझ्या बाबांना हाक मार आधी. म्हणावं, अडवा तिला!"

राजसनं वाटी खाली ठेवली.

"ते कसे अडवतील, आई? मागं तेच बसलेत."