जिना उतरतानाचं गाणं

“पण शब्द तुमचेच ना?” मॅडमनी फोनवर दुसऱ्यांदा विचारलं.

“माझेच,” सून म्हणाली आणि स्वयंपाकघराकडे पाहत आवाज खाली आणला. “म्हणजे, मीच लिहिलेत.”

मॅडम मालिकांसाठी गाणी निवडायच्या. गेली सहा वर्षं सून त्यांना स्वतः रचलेली, स्वतः गायलेली गाणी पाठवत होती. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवायच्या आणि संध्याकाळी कपाटात तोंड घालून, गोधड्यांच्या आडोशाने गाणं रेकॉर्ड करायचं. सहा वर्षांत एकही गाणं लागलं नव्हतं. आज पहिलं लागत होतं.

“खलनायिका जिना उतरते, तिथे वाजवणार आहोत,” मॅडम म्हणाल्या. “कजाग सासू आहे. फॉर्म पाठवते. शब्द कुणाचे, चाल कुणाची, सगळं खरं लिहा. उद्या कुणी ‘हे माझे शब्द’ म्हणून हात वर केला, तर गाणं बाद. आणि तुम्हीही.”

सुनेने घाईघाईने ‘हो’ म्हणून फोन ठेवला. कारण गाण्यातला शब्द न् शब्द सासूबाईंचा होता.

‘पंखा कुणासाठी फिरतोय? भिंतींना उकडतंय का?’ हे धृपद. ‘झाकण एकीकडे, डबा एकीकडे, तुझं लक्ष तिसरीकडे!’ हे पहिलं कडवं. सुनेने फक्त चाल लावली होती.

खरं तर सासूबाई मूळच्या अशा नव्हत्या. सगळी नोकरी त्यांनी वाचनालयात, ‘शांतता राखा’ या पाटीखाली काढली. घरातही हूं की चूं नाही. दोन वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या आणि तोंडाचा पट्टा सुरू झाला.

“इतक्या वर्षांचं साठलेलं बाहेर पडतंय,” नवऱ्याचं निदान होतं. “संपेल कधीतरी.”

संपत नव्हतं. सून गिटार घेऊन बसली की सासूबाई नेमक्या दारापाशी येऊन बोलायच्या, तेही खणखणीत. त्या झाकणावरून तर आठवडाभर रामायण चाललं होतं. रोज तेच, फक्त थोडं वेगळं. आठव्या दिवशी वैतागून सुनेने ते वहीत उतरवलं आणि तिथून गाणं सुरू झालं.

त्याआधी ती चंद्र आणि चांदण्यांवर लिहायची. ‘चाल गोड, पण शब्द उसने वाटतात. घरात बोलतात तसं लिहा,’ असं मॅडमनी एकदा कळवलं होतं. ते पत्र नवऱ्याने तिला हुरूप यावा म्हणून फ्रिजवर लावलं होतं. अजून तिथेच होतं, आता पिवळं पडलेलं.

फॉर्म आला. ‘शब्द’ या रकान्यापुढे सुनेचं पेन बराच वेळ अडलं. सासूबाईंना सांगून त्यांची सही घ्यावी? पण सांगायचं काय? आई, तुमच्या बोलण्यावर मी गाणं केलंय आणि ते एका कजाग बाईला शोभून दिसलंय? सासूबाई वाईट नव्हत्या, हीच तर पंचाईत होती. तिच्या आजारपणात त्या रात्र रात्र उशाशी बसल्या होत्या. तिने डोळे मिटून दोन्हीकडे आपलंच नाव घातलं आणि पाकीट चिकटवलं.

“दे इकडे, मी टाकते,” सासूबाई चपला घालत म्हणाल्या. “मला त्याच बाजूला जायचंय.”

नको म्हणायला कारण सुचलं नाही. संध्याकाळी नवरा बुटाचा तळ चिकटवायला डिंक शोधत घरभर फिरला.

“माझ्या खोलीत आहे,” सासूबाई म्हणाल्या. “जुन्या पुस्तकांची पानं सुटलीत. आणि डिंकाने बूट चिकटत नाहीत.”

चार दिवसांनी मॅडमचा फोन आला. “फॉर्म मिळाला. सगळ्या सह्या व्यवस्थित आहेत.”

चारही पानांवर सही केली होती तिने. तिने सुटकेचा निःश्वास टाकला.

आता प्रश्न उरला प्रक्षेपणाचा. त्या दिवशी सासूबाईंना बहिणीकडे धाडायचं ठरलं, तर त्या म्हणाल्या, गुडघा दुखतोय. मग नवऱ्याने रिमोटमधले सेल काढून खिशात घातले.

“आई ओळखणार नाही गं,” तो कुजबुजला. “माणसाला स्वतःचं बोलणं कुठे ऐकू येतं?”

आठला पाच कमी असताना सासूबाई उठल्या, टीव्हीपाशी गेल्या आणि मागचं बटण दाबून चॅनेल लावला. मग चष्मा पुसून मधल्या खुर्चीत बसल्या.

“बसा की दोघं. उभ्याने काय बघताय?”

खलनायिका जिना उतरू लागली. गिटार वाजली. ‘पंखा कुणासाठी फिरतोय?’

नवऱ्याने धावत जाऊन पंखा बंद केला. सून घामाने भिजली. सासूबाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. गाणं संपेपर्यंत त्यांचं एक बोट मात्र खुर्चीच्या हातावर हलत होतं.

“आई,” शेवटी सुनेला राहवलं नाही. तिचे डोळे भरून आले. “माझं चुकलं. मी तुम्हाला विचारायला हवं होतं. उद्याच फोन करून गाणं काढायला सांगते.”

“थांब. नावं येऊ देत.”

पडद्यावर नावं सरकू लागली. संगीत आणि गायन, यापुढे सुनेचं नाव आलं. त्याखाली शब्द, आणि शब्दांपुढे सासूबाईंचं नाव, आडनावासकट.

सासूबाईंनी चष्मा काढून त्याची घडी केली.

“चाल छान झालीय,” त्या म्हणाल्या. “पण त्या झाकणाच्या ओळीवर मी आठ दिवस घालवले होते. तू ती फार घाईत उरकलीस.”