मोतद्दाराचे खिसे

शर्यतीच्या घोड्यावर विषप्रयोग होतो, असा तो हॉलिवूडचा जुना सिनेमा. घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दाराची भूमिका करणारा लेम्युएल सेटवरचा एकुलता एक काळा माणूस. तबेल्यातल्या प्रसंगात बाकीच्या नटांनी त्याच्याकडे संशयानं बघायचं होतं, पण सकाळपासून ते एकालाही धड जमेना.

शेवटी दिग्दर्शक क्लेबर्न वैतागला. "राहू दे. जेवून घ्या सगळे. आणि माझं घड्याळ कुणी उचललं असेल, तर मुकाट्यानं आणून द्या."

वीसच्या वीस माना लेम्युएलकडे वळल्या.

"कट," क्लेबर्न खुशीत म्हणाला. "कॅमेरा चालूच होता. अशीच नजर हवी होती मला. घड्याळ माझ्याचकडे आहे. आणि लेम्युएल, खिसे उलटे करून दाखवायचं पटकथेत नव्हतं रे. छान सुचलं तुला."

लेम्युएलनं खाली पाहिलं, तेव्हा कुठे त्याला ते लोंबणारे खिसे दिसले.